बॅकअपची फाइल हातात आहे, पण ती नक्की कोणत्या डेटाबेसची?

बोरूबहाद्दर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) म्हणून एक गृहस्थ होते. ते गेले (नोकरी सोडून, गैरसमज नको) आणि त्यांची खुर्ची, त्यांचा कीबोर्ड आणि त्यांचे बॅकअप असं सगळं माझ्या नावावर झालं. मी मुळात कोड लिहिणारा. एसक्यूएल सर्व्हरशी (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) माझी ओळख सिलेक्ट आणि अपडेटपुरती.

बॅकअपच्या फोल्डरमध्ये 'हात_लावू_नये' या नावाची 38 जीबीची एक बीएके फाइल सापडली. सर्व्हरवर हिशेबाचे दोन डेटाबेस होते, 'लेखा' आणि 'लेखा_चाचणी'. दुसरा पहिल्याचीच प्रत. गेल्या महिन्यात नवीन आवृत्ती चालू करताना कुणीतरी दोघांची नावं आपसांत बदलली. तीन आठवडे लोकांनी त्या प्रतीवरच काम केलं. मग गडबड झाली म्हणून नावं परत उलटी केली आणि जागा हवी म्हणून प्रत उडवून टाकली. आता हिशेबवाले विचारतायत, आमच्या त्या तीन आठवड्यांच्या नोंदी कुठे गेल्या?

फाइलची तारीख बरोबर त्या तीन आठवड्यांतली आहे, म्हणून आशा होती. वेगळ्या मशीनवर रिस्टोअर केली, म्हणजे तिच्यातून डेटाबेस परत उभा केला, तर आत 2 वर्षांपूर्वीचा डेटा निघाला. जेमतेम 7 जीबी.

प्रश्न साधा आहे. ही फाइल कोणत्या डेटाबेसची, हे रिस्टोअर न करता आणि नावावर विश्वास न ठेवता कसं कळेल?

टिंबटिंब

हात लावू नये असं स्पष्ट लिहिलेलं असताना तुम्ही हात लावलात. पुढचं भोगा. :)

कानामात्रा

फाइलची तारीख हा पुरावा नव्हे. कॉपी करताना, दुसऱ्या डिस्कवर हलवताना तारीख बदलू शकते. दोन वर्षांपूर्वीची फाइल कुणीतरी गेल्या महिन्यात इकडची तिकडे केली असेल. माझ्या मते विषय संपला, ही ती फाइल नाही.

सावकाश

कानामात्रा, घाई नको. आधी फाइलीलाच विचारू या.

बोरूबहाद्दर, एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप स्वतःची जन्मपत्रिका स्वतःबरोबर घेऊन फिरतो. मॅनेजमेंट स्टुडिओत नवीन क्वेरी उघडा आणि चालवा: रिस्टोअर हेडरओन्ली फ्रॉम डिस्क, पुढे बरोबरचं चिन्ह आणि एकेरी अवतरणात फाइलीचा पूर्ण पत्ता. नावात 'रिस्टोअर' असलं तरी घाबरू नका, यात काहीही रिस्टोअर होत नाही, फक्त हेडर (फाइलीतली बॅकअपबद्दलची माहिती) वाचलं जातं. (कमांड देवनागरीत लिहिली आहे. तशीच चिकटवून 'एरर आली' असं सांगत येऊ नका.)

पन्नासेक रकाने येतील. तुमच्या कामाचे हे: डेटाबेसनेम, सर्व्हरनेम, मशीननेम, युजरनेम म्हणजे बॅकअप कोणी घेतला, बॅकअपस्टार्टडेट आणि बॅकअपफिनिशडेट. फाइलीचं नाव कुणी काहीही ठेवो, हे बदलत नाही.

बॅकअपटाइपही बघा. 1 म्हणजे पूर्ण, 2 म्हणजे लॉगचा (बदलांच्या नोंदींचा), 5 म्हणजे डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललं तेवढंच). 5 निघाला तर एकट्याने उपयोग नाही, त्याचा पूर्ण बॅकअपही शोधावा लागेल.

वेलांटी

+१. त्याच्या जोडीला रिस्टोअर फाइललिस्टओन्ली. त्यात डेटा आणि लॉग फाइलींची लॉजिकल नावं आणि मूळ मशीनवरचे पत्ते येतात. डेटाबेसचं नाव बदललं तरी लॉजिकल नावं सहसा कुणी बदलत नाही, त्यामुळे जुनं नाव तिथे सापडतं. बदललेल्या आडनावामागे माहेरचं नाव सापडावं तसं.

बोरूबहाद्दर

चालवली. लाल अक्षरांत 'ऑपरेटिंग सिस्टिम एरर 5' आली. फाइल माझ्या डेस्कटॉपवर आहे, मला व्यवस्थित दिसतेय.

सावकाश

तुम्हाला दिसतेय, सर्व्हरला नाही. ती फाइल तुम्ही उघडत नाही, एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस ज्या खात्यावर चालते ते खातं उघडतं. 5 म्हणजे परवानगी नाही. फाइल सर्व्हरच्या नेहमीच्या बॅकअप फोल्डरमध्ये ठेवा. आणि पत्ता सर्व्हरच्या मशीनवरचा द्यायचा, तुमच्या मशीनवरचा नव्हे. यात भले भले फसतात.

अडगळ

थोडं अवांतर, पण फाइल कशाची आहे हेच माहीत नसेल तर? शेवटी बीएके आहे म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचीच असं कुठे लिहिलंय? शेपूट कुणीही काहीही लावतं. बीएके नावाची ऑटोकॅडची जुनी चित्रं मी पाहिली आहेत.

अशा वेळी हेक्स एडिटरमध्ये पहिले काही बाइट बघायचे. एसक्यूएल सर्व्हरचा साधा बॅकअप 'टेप' या चार रोमन अक्षरांनी सुरू होतो, हेक्समध्ये 54 41 50 45. मायक्रोसॉफ्ट टेप फॉरमॅट या जुन्या रचनेचा तो वारसा. टेप गेल्या, अक्षरं राहिली. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा कस्टम फॉरमॅटमधला डंप (बॅकअपची फाइल) पीजीडीएमपी या पाच अक्षरांनी सुरू होतो. एसक्यूलाइटची फाइल तर सरळ वाचता येईल अशा 'एसक्यूलाइट फॉरमॅट 3' या इंग्रजी शब्दांनीच सुरू होते. 1एफ 8बी दिसलं तर जीझिप, आधी सोडवा मग बघा. लिनक्सवर 'फाइल' ही कमांड यातलं बरंचसं स्वतःच सांगते.

खडूफळा

वाचनखूण साठवली आहे.

रिकामटेकडा

एवढं कशाला? नोटपॅडमध्ये उघडा आणि डेटाबेसचं नाव शोधा.

अडगळ

@रिकामटेकडा, 38 जीबी नोटपॅडमध्ये? उघडेल त्या दिवशी कळवा, पेढे वाटू. आणि उघडलं तरी शोध लागणार नाही. बॅकअपच्या हेडरमधली नावं यूटीएफ-16 मध्ये असतात, दोन अक्षरांमध्ये शून्याचा एक बाइट. ग्रेप ही मजकूर शोधणारी साधी कमांड तिथे आंधळी होते. लिनक्सवर 'स्ट्रिंग्ज' कमांडला उणे ई आणि एल असा पर्याय दिला की वाचता येतं. बॅकअप कॉम्प्रेस केलेला असेल तर तेही फारसं चालत नाही.

पाचवा खांब

आमच्याकडे मायएसक्यूएल, म्हणून वेगळी गंमत. मायएसक्यूएलडंपची फाइल म्हणजे साधा मजकूर. पहिल्या दहा ओळींत होस्ट, डेटाबेस आणि सर्व्हरची आवृत्ती लिहिलेली असते. पण होस्टपुढे दहातल्या नऊ वेळा 'लोकलहोस्ट' असतं, कारण डंप घेणारा त्याच मशीनवर बसलेला असतो. म्हणजे पत्त्याच्या जागी 'माझ्या घरी' असं लिहिल्यासारखं. कॉम्पॅक्ट किंवा स्किप-कॉमेंट्स हा पर्याय वापरून डंप घेतला असेल तर त्या ओळीही नसतात.

यावरून एक जुनी जखम. एका ठिकाणी (नाव नको) अशीच बेनाम फाइल आली. 'आत काय आहे बघू' म्हणून आमच्यातल्या एकाने ती सरळ चालू सर्व्हरवर चालवली. फाइल घेताना डेटाबेसेस हा पर्याय दिलेला होता, त्यामुळे आत 'यूज' ची ओळ होती आणि ती बरोबर आमच्या लाइव्ह डेटाबेसच्या नावाची. पुढे प्रत्येक टेबलाआधी 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स'. ते तर डंपमध्ये न मागताच येतं. फाइल कुठली हे अर्ध्या मिनिटात कळलं. आमचीच होती, आठ महिन्यांपूर्वीची. आणि आता लाइव्हही आठ महिन्यांपूर्वीचं होतं.

टिंबटिंब

ओळख पटवण्याची ही पद्धत शंभर टक्के खात्रीशीर आहे हे मान्य करावं लागेल.

पाचवा खांब

हसा. तो 'आमच्यातला एक' मीच होतो.

खडूफळा

पोस्टग्रेसवाल्यांसाठी काही?

वेलांटी

कस्टम फॉरमॅट असेल तर पीजी-रिस्टोअरला उणे एल द्या. रिस्टोअर होत नाही, यादी येते, आणि यादीच्या डोक्यावर डीबीनेम, डंप कधी घेतला, कोणत्या आवृत्तीच्या सर्व्हरवरून आणि कोणत्या आवृत्तीच्या पीजी-डंपने हे सगळं लिहिलेलं असतं. सर्व्हरच्या मशीनचं नाव मात्र नसतं. साध्या मजकुरातल्या डंपमध्ये डेटाबेसचं नावही नसतं, डंप घेताना 'क्रिएट'चा पर्याय दिला असेल तरच 'कनेक्ट'च्या ओळीत सापडतं.

पीजी-बेसबॅकअपने आख्खा क्लस्टर (सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस) उचलला असेल तर काम सोपं. त्या डिरेक्टरीवर पीजी-कंट्रोलडेटा चालवा, 'डेटाबेस सिस्टिम आयडेंटिफायर' म्हणून एक लांबलचक आकडा येतो. चालू सर्व्हरवर तोच आकडा आला की वंश एकच. पण मूळ सर्व्हर आणि त्याचा स्टँडबाय (राखीव जुळा सर्व्हर) यांचा आकडा सारखाच असतो, तेव्हा दोघांपैकी कोण हे त्यावरून कळणार नाही.

उंटावरचा

ओरॅकलचं कुणी बोलतच नाही, म्हणून मी. आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनाच्या कंट्रोलफाइल ऑटोबॅकअपचं नाव नेहमीच्या फॉरमॅटमध्ये असेल तर सी, आडवी रेघ, मग डीबीआयडी (डेटाबेसचा ओळखक्रमांक), मग तारीख, मग क्रमांक असं असतं. म्हणजे इथे नावच खरं बोलतं. आमचे एक ज्येष्ठ सहकारी सगळ्या डेटाबेसचे डीबीआयडी वहीत पेनाने लिहून ठेवायचे. सगळे हसायचे. मग एकदा कंट्रोलफाइल आणि कॅटलॉग दोन्ही गेले, आरमॅनने डीबीआयडी मागितला, आणि आख्ख्या मजल्यावर फक्त वहीकडे उत्तर होतं.

डेटापंपचा डंप असेल तर आयएमपीडीपीला एसक्यूएलफाइलचा पर्याय द्या. काही आयात न करता आतल्या टेबलांच्या व्याख्या मजकुरात निघतात. स्कीमांची नावं बघून ओळख पटते.

कानामात्रा

पण मूळ प्रश्न एसक्यूएल सर्व्हरचा होता. फाइल दोन वर्षांपूर्वीची आहे हे तर रिस्टोअर करून सिद्धच झालंय. उगाच खोदकाम कशाला?

हातचा एक

सगळं वाचून काढलं आणि एक गोष्ट खटकली. धागाकर्ते म्हणतात फाइल 38 जीबी. रिस्टोअर झाला 7 जीबी. उलटं असतं तर समजलं असतं, कॉम्प्रेस केलेला बॅकअप लहान आणि डेटाबेस मोठा. पण बॅकअप डेटाबेसच्या पाचपट मोठा कसा? उरलेले 31 जीबी कुठे गेले?

सावकाश

अरे वा! हातचा एक, तुम्ही नाव सार्थ केलंत. मी हेडर वाचा म्हणून सांगत बसलो आणि हा हिशेब केलाच नाही.

बोरूबहाद्दर, तुम्ही रिस्टोअर कोणत्या कमांडने केलंत? एसक्यूएल सर्व्हर ठरावीक पर्याय दिल्याशिवाय जुनी फाइल पुसत नाही, नवा बॅकअप त्याच फाइलीच्या शेवटी जोडतो. नोइनिट, म्हणजे न पुसता जोडणं, हेच डीफॉल्ट आहे. आणि रिस्टोअर करताना कितवा हवा हे सांगितलं नाही तर तो निमूट पहिला उचलतो. म्हणजे सगळ्यात जुना.

हेडरओन्लीच्या निकालात किती ओळी येतात ते बघा. पोझिशन नावाचा रकाना आहे.

बोरूबहाद्दर

आधीच्या डीबीएंच्या नोंदवहीतून कमांड उतरवून घेतली होती, त्यात कितवा वगैरे काही नव्हतं.

फाइल सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवली, कमांड चालली. चार ओळी!

पोझिशन 1, लेखा, 2 वर्षांपूर्वीचा. पोझिशन 2, लेखा, त्यानंतर पाच महिन्यांनी. पोझिशन 3 चं नाव 'हजेरी'! ते आमच्या दुसऱ्याच कामाचं. आणि पोझिशन 4, लेखा, गेल्या महिन्याची 18 तारीख. सगळे प्रकार 1.

एकाच फाइलीत दोन वेगळ्या डेटाबेसचे बॅकअप असू शकतात?

सावकाश

खुशाल. मूळ कल्पनाच टेपची आहे ना. एका टेपवर मागेमाग काय वाटेल ते भरता येतं. तुमचा प्रश्न 'ही फाइल कोणत्या डेटाबेसची' असा होता, म्हणजे प्रश्नच थोडा चुकला होता. फाइलीला एक मूळ नाही, चार बॅकअपना प्रत्येकी एक आहे.

कानामात्रा

शब्द मागे घेतो. फाइलीची तारीख खरी होती. शेवटचा तुकडा जोडला तेव्हाची.

वेलांटी

थांबा, अजून काम संपलेलं नाही. 18 तारखेला नावं उलटसुलट झालेली होती ना? मग चौथ्यावर 'लेखा' लिहिलंय ते मूळ लेखा की नाव बदललेली प्रत? नावावर विश्वास ठेवायचा नाही हे तुमचंच म्हणणं.

बोरूबहाद्दर

तोच तर घोळ आहे. नावं त्या आठवड्यात नक्की कोणत्या दिवशी बदलली हे दोन जण दोन तऱ्हेने सांगतायत. सर्व्हर तोच, मशीन तेच. लॉजिकल नावंही दोघांची सारखी, कारण प्रत मूळ लेखाच्या बॅकअपवरूनच केली होती.

वेलांटी

मग माहेरचं नाव उपयोगाचं नाही, दोघं एकाच घरचे. आता हेडरमधले दोन रकाने बघा, फॅमिलीजीयूआयडी आणि बाइंडिंगआयडी. दोन्ही म्हणजे सर्व्हरने स्वतः दिलेले लांबलचक ओळखक्रमांक.

फॅमिलीजीयूआयडी डेटाबेस पहिल्यांदा जन्मला तेव्हाचा. रिस्टोअर करून कितीही प्रती काढा, तो बदलत नाही. बाइंडिंगआयडी मात्र प्रत्येकाचा स्वतःचा. सर्व्हरवर नसलेला डेटाबेस रिस्टोअर करून नव्याने उभा केला की त्याला नवा मिळतो, आणि नुसतं नाव बदलल्याने त्याला धक्का लागत नाही. म्हणजे एक कुळ, दुसरा अंगठ्याचा ठसा.

आता चालू सर्व्हरवर सिस डॉट डेटाबेस-रिकव्हरी-स्टेटस या व्ह्यूमधून आजच्या लेखाचे फॅमिली-जीयूआयडी आणि डेटाबेस-जीयूआयडी काढा. डेटाबेस-जीयूआयडी म्हणजेच हेडरमधला बाइंडिंगआयडी. आजचा लेखा मूळचाच आहे ना? तर जुळवून बघा.

टिंबटिंब

हा धागा आता गुप्तहेरकथेच्या वळणाला लागलाय. चहा घेऊन बसतो.

अडगळ

वेलांटींच्या प्रतिसादाला जोड. एमएसडीबीमध्ये (एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःच्या नोंदींचा डेटाबेस) बॅकअपसेट नावाचं टेबल असतं. त्यातला बॅकअप-सेट-यूयूआयडी आणि हेडरमधला बॅकअपसेटजीयूआयडी एकच. इतिहास कुणी साफ केला नसेल तर ती नोंद थेट सापडेल, आणि बॅकअपमीडियाफॅमिलीशी जोडलंत तर त्या वेळी फाइल कुठल्या पत्त्यावर लिहिली हेही. रिस्टोअरहिस्टरीमध्ये प्रत कधी उभी केली ते दिसेल.

उंटावरचा

अवांतर: एवढी यातायात करण्यापेक्षा फाइलीच्या नावात सर्व्हर, डेटाबेस आणि तारीख घालायला काय होतं?

कानामात्रा

असहमत. नाव कुणीही बदलू शकतं, हे याच धाग्यात दिसलं. नावात पाहिजे ते घाला, पण नाव ही सोय आहे, पुरावा नाही.

उंटावरचा

पुरावा नसेल, पण रात्री दोन वाजता फोन आल्यावर चाळीस फाइलींची हेडरं वाचत बसणार का? सोयच लागते तेव्हा.

हातचा एक

दोघांचंही बरोबर आहे, आता भांडा. मी एवढंच म्हणेन की एका फाइलीत एकच बॅकअप ठेवा. बॅकअपच्या कमांडमध्ये डिस्क्रिप्शन लिहायलाही जागा असते, 255 अक्षरं. आजवर ती कुणी भरलेली मी पाहिलेली नाही.

खडूफळा

माझा एक बारीक प्रश्न. मी अशीच एक फाइल तपासायला घेतली तर एरर 3241, 'मीडिया फॅमिली चुकीची' अशा अर्थाची. फाइल खराब समजून टाकून देऊ?

सावकाश

टाकू नका! फाइल खराब असू शकते, पण जुन्या सर्व्हरवर नव्या आवृत्तीचा बॅकअप वाचायला घेतला तरी तीच एरर येऊ शकते. आधी नव्यात नव्या आवृत्तीवर हेडर वाचून बघा. तिथे वाचता आलं तर सॉफ्टवेअरव्हर्जनमेजर बघा. 13 म्हणजे 2016, 14 म्हणजे 2017, 15 म्हणजे 2019, 16 म्हणजे 2022. नव्याचं जुन्यावर रिस्टोअर होतच नाही, उलट चालतं.

आणि फाइललिस्टओन्लीला 33111 आली, सर्टिफिकेट सापडत नाही म्हणून, तर मूळ डेटाबेस टीडीईने (आख्खा डेटाबेस कुलूपबंद करण्याची सोय) एन्क्रिप्ट केलेला आहे, नाहीतर बॅकअपच एन्क्रिप्ट करून घेतलेला आहे. एररमध्येच सर्टिफिकेटचा थंबप्रिंट येतो. तो ज्या सर्व्हरवरच्या सर्टिफिकेटशी जुळेल तिकडून फाइल आली, किंवा निदान त्याच्या नात्यातल्या सर्व्हरवरून.

खडूफळा

तसंच निघालं. आमचा 2012, फाइल 2019 ची. धन्यवाद, कचराकुंडीतून परत काढली.

बोरूबहाद्दर

मंडळी, निकाल.

पोझिशन 1, 2 आणि 4 यांचा फॅमिलीजीयूआयडी आजच्या लेखाशी तंतोतंत जुळला. हजेरीचा वेगळा, अपेक्षेप्रमाणे. बाइंडिंगआयडी मात्र 1 आणि 2 चा आजच्या लेखाशी जुळतो, 4 चा जुळत नाही. म्हणजे चौथा त्याच कुळातला, पण मूळ लेखा नव्हे. एमएसडीबीमध्ये शोधलं तर त्याच डेटाबेस-जीयूआयडीचे आणखी दोन बॅकअप नोंदलेले सापडले, आणि त्या ओळींत डेटाबेसचं नाव 'लेखा_चाचणी'! नावं बदलण्याच्या आधीचे. फाइली नाहीत, नोंदी आहेत.

मग विथ फाइल बरोबर 4 देऊन, वेगळ्या नावाने, वेगळ्या मशीनवर रिस्टोअर केलं. 12 जीबी. हिशेबवाल्या बाईंना शेजारी बसवलं. 17 तारखेपर्यंतच्या नोंदी पूर्ण आहेत, 18 च्या दुपारपर्यंतच्या आहेत. त्यानंतरचे चार दिवस नाहीत.

वेलांटी

अभिनंदन! चार दिवस कागदावरून भरता येतील.

पाचवा खांब

त्या चार दिवसांसाठी लॉगचे बॅकअप शोधा. एमएसडीबीच्या त्याच टेबलात त्या डेटाबेस-जीयूआयडीला टाइप 'एल' च्या ओळी आहेत का? आणि चौथा रिस्टोअर विथ रिकव्हरी (म्हणजे लगेच वापरायला खुला) केला असेल तर त्यावर लॉग चढणार नाहीत. विथ नोरिकव्हरी लावून परत करावा लागेल.

बोरूबहाद्दर

बघितलं. एलच्या सहा ओळी आहेत, पत्ता दुसऱ्या डिस्कवरचा. ती डिस्क काढून कपाटात ठेवलीय म्हणतात. उद्या कपाटाची किल्ली मिळेल.

टिंबटिंब

कपाटावर काय लिहिलंय तेवढं आधी सांगा.

बोरूबहाद्दर

'हात लावू नये'.